पाईकराव सरांचं रीडिंग

पाईकराव सरांना चहा दिला की आधी त्यांचा थर्मामीटर पितो, मग ते पितात. बाकीची माणसं शर्टाच्या ज्या खिशात पेन अडकवतात, त्या खिशात सरांचा थर्मामीटर असतो. कप हातात आला की तो आत जातो, सर चष्मा कपाळावर सरकवून पारा बघतात आणि आपण समोर उभं राहून निकालाची वाट बघायची. चहा बासष्टवर प्यायचा, हा त्यांचा कायदा. सत्तरवर असला तर कप खाली ठेवून गप्पा मारतात. पन्नासवर असला तर कप परत देतात आणि म्हणतात, "मॅडम, हा चहा न्हाई, चहाचा इतिहास हाय."

एकदा मी वैतागून विचारलं, "सर, हा थर्मामीटर आधी कुणाच्या काखेत तर नव्हता ना?" तर त्यांनी मला दवाखान्यातला थर्मामीटर आणि प्रयोगशाळेतला थर्मामीटर यांतला फरक वीस मिनिटं समजावून सांगितला. तोवर चहा थंड झाला आणि दुसरा मलाच करावा लागला.

मी शेख मॅडम. वसमतच्या ज्या कॉलेजात सर एकतीस वर्षं रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक होते, तिथंच मी मराठी शिकवते. शेख आडनावाची बाई मराठी शिकवते म्हटल्यावर नवीन माणूस आधी माझ्याकडं बघतो आणि मग टाइमटेबलकडं. सरांनी तसं काही केलं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, तुमच्या विषयात मोजण्यासारखं काय असतंय?" मी वृत्तांच्या मात्रा सांगितल्या. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. तेव्हापासून ते माझ्या विषयाला विषय समजतात. आमची घरंही शेजारीशेजारी, मधे कमरेएवढी भिंत. तिच्यावरून वाटीभर साखरेपासून ते भांडणापर्यंत सगळं इकडून तिकडं जातं.

कागदोपत्री ते 'सर' नव्हते, पण प्रोफेसर येत आणि बदलून जात. लॅब पाईकराव सरांचीच. तिथं 'अंदाजे' हा शब्द काढायची सोय नव्हती. पोरगं म्हणायचं, "सर, पाणी गरम झालं." सर विचारायचे, "आकडा काय?" पोरगं म्हणायचं, "लय गरम झालं." सर म्हणायचे, "लय हे एकक न्हाई." पुढं तालुक्यात तलाठी, कंडक्टर, नर्स झालेली त्यांची पोरं अजूनही रस्त्यात भेटली की आधी त्या दिवशीच्या उन्हाचा आकडा सांगतात, मग जय भीम करतात.

रिटायर झाले तेव्हा कॉलेजनं त्यांना शाल द्यायचं ठरवलं. सर म्हणाले, शाल नको, मोडीत काढलेलं सामान द्या. रीतसर अर्ज झाला, रीतसर मंजुरी आली आणि एका हातगाडीवरून तडा गेलेली मोजपात्रं, एक तराजू, चार थर्मामीटर, तांब्याचा ओव्हन आणि कसल्या कसल्या काचेच्या नळ्या त्यांच्या घरी पोचल्या. हातगाडीच्या मागं सर एक हात नळ्यांवर ठेवून चालत होते. गल्लीतल्या बायकांना वाटलं, घरात कुणी आजारी आहे.

तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघरात आपलं काही चालत नाही. डब्यांवर चिठ्ठ्या आहेत. मिठावर 'सोडियम क्लोराइड, ओल शोषते', तेलावर 'पाण्यापेक्षा हलके', हिंगावर 'बाष्पनशील, झाकण लावा'. एकदा मी त्यांच्याकडं वरण लावलं आणि डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा जरा सढळ हातानं टाकला. वरण विटेच्या रंगाचं झालं. मला वाटलं, आता हा माणूस रागावणार. तो तर लग्नाला निघाल्यासारखा खूश झाला. "मॅडम, हळदीनं तुमची चोरी पकडली. खार मिळाला की हळद लाल, आंबट मिळालं की परत पिवळी." लगेच लिंबू पिळून वरण पिवळं करून दाखवलं, पुन्हा सोडा टाकून लाल केलं, पुन्हा लिंबू. आता हळदीचा डाग साबणानं लाल होतो हे वसमतच्या बायकांना यांच्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे, पण तसं सांगायला मला तोंडच मिळालं नाही. वरण त्या दिवशी पाच वेळा रंग बदलून शेवटी गाईला गेलं. गाईनंही हुंगून सोडलं.

मोंढ्यात, म्हणजे हळदीच्या बाजारात, तर त्यांना लांबून बघूनच व्यापारी चुळबुळ करतात. आमच्याकडं हळद वाळली की नाही ते कानानं ओळखतात. हळकुंड मोडायचं, खण् वाजलं की वाळलं, मऊ मोडलं की ओल आहे. सरांना कानाचा भरवसा नाही. त्यांनी एका ढिगातलं हळकुंड घरी नेलं, तोललं, ओव्हनमध्ये ठेवलं, तासातासानं तोलत राहिले आणि संध्याकाळी मोंढ्यात जाऊन ओलीचा टक्का दशांशासकट जाहीर केला. तोवर ढीग विकला जाऊन ट्रक नांदेडच्या वाटेला लागला होता. व्यापारी म्हणाला, "सर, मला कानानं जे कळलं तेच तुमी दिवसभरानं सांगून राहिले." सर म्हणाले, "तुमचा कान मेल्यावर काय कराल?"

विहारातल्या वैशाख पौर्णिमेच्या खिरीचं मी डोळ्यांनी बघितलंय. मोठ्या पातेल्यात खीर शिजलेली, लोक रांगेत. सर पळी वर धरून, घड्याळ बघत, पळीतली खीर किती सेकंदांत खाली येते ते मोजत होते. "नऊ सेकंद. पातळ हाय. मागच्या साली पंधरा होती." आचारी म्हणाला, "सर, लोकायला भूक लागली." सर म्हणाले, "भुकेचा न् दाटपणाचा काय संबंध?" रांगेत शेवटी प्रज्ञा उभी होती. ती पुढं आली, वडिलांच्या हातातली पळी काढून घेतली आणि वाढायला लागली. सर बाजूला झाले. जगात त्यांच्या हातातून चालू प्रयोग काढून घेणारी ती एकटीच.

प्रज्ञा म्हणजे त्यांची मुलगी. तिची आई, माझी मैत्रीण रमा, प्रज्ञा नऊ वर्षांची असताना गेली. त्यानंतर सर पोरीला शाळा सुटली की लॅबमध्येच आणायचे. ती उंच स्टुलावर बसून वहीत आकडे लिहायची. सर वाचणार, प्रज्ञा लिहिणार. ती सवय घरातही राहिली. रोज दिवे लागणीला विहिरीचं पाणी, अंगणातली हवा, नाहीतर नुसताच रांजण, काहीतरी मोजून दोघं वही पुरी करायचे. मी भिंतीपलीकडून ऐकायची, "अट्ठावीस पूर्णांक पाच." "लिहिलं बाबा." माझी नमाज होईपर्यंत ते ऐकू यायचं. कुणाच्या घरात टीव्ही चालतो, यांच्या घरात हे.

प्रज्ञा मोठी झाली, शिकली आणि इथल्याच एका हळदीच्या कारखान्यात तपासणीला लागली. मग स्थळं यायला लागली आणि सरांची खरी करामत सुरू झाली.

आमच्याकडं मुलाकडचे मुलगी बघून गेले की मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला जायचं असतं. सोबत एक बाईमाणूस लागतं, चूल आणि न्हाणीघर बघायला. रमा नाही म्हणून ते काम माझ्याकडं. पहिलं स्थळ परभणीचं. सर हात धुवायला म्हणून मोरीत गेले आणि खिशातून आणलेला साबणाचा तुकडा तिथल्या पाण्यात घासत बसले. फेस येईना. बाहेर येऊन म्हणाले, "पाणी लय जड हाय. माझ्या पोरीचे केस गळतील." आता 'लय' हे एकक नाही, हे मी त्यांना तिथंच सांगायला हवं होतं.

दुसरं स्थळ कळमनुरीचं. मुलाच्या आईच्या हातात जाड पाटल्या. सर गोड बोलून म्हणाले, "ताई, जरा एक पाटली देता का, नक्षी बघतो." बाईनं कौतुकानं काढून दिली. सरांनी पिशवीतून काटा काढला, पाटली दोऱ्याला बांधून आधी हवेत तोलली, मग पाण्याच्या तांब्यात बुडवून तोलली, कागदावर भागाकार केला आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "घनता साडेआठ. सोनं सतराच्या खाली येत न्हाई. ही पितळ हाय." बाई खाली बघायला लागली. नवरा बाईकडं बघायला लागला. मी दाराकडं बघायला लागले. बस मिळेपर्यंत मी सरांशी एक शब्द बोलले नाही.

आणि मग आला मिलिंद. मिलिंद लाईनमन. कारखान्याची लाईट गेली की तोच खांबावर चढायचा आणि प्रज्ञा खाली उभी राहून, बाकीच्यांसारखं "आली का, आली का" न करता, "किती वेळ लागंल ते आकड्यात सांगा" म्हणायची. तिथं जमलं. पोरगी आतल्या गाठीची, पण एके दिवशी माझ्यासमोर वडिलांना सरळ म्हणाली, "बाबा, हा मला पसंत आहे. घर बघून या, म्हणजे झालं." सर म्हणाले, "बराबर हाय. बघून येतो."

मिलिंदचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला. औंढ्यापर्यंत बस, पुढं काळीपिवळी जीप. घरात तो आणि त्याची आई, गयाबाई. बाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन म्हशींवर तिनं पोराला शिकवलं. तिचं दूध औंढ्यात देवळापुढच्या चहाच्या हॉटेलांत जायचं, आणि गयाबाईचं दूध म्हटलं की कुणी भांड्यात डोकावूनही बघायचं नाही. बाईचं नाव होतं ते त्या दुधावर.

आम्ही गेलो तर अंगण सारवलेलं, बाजेवर चादर, शेजारचे दोनचार जण बसलेले. गयाबाई म्हणाली, "चहा कोनी बी देतंय. आमच्याकडं पाव्हन्याला दूध." ग्लास पुढं आले. बिनसाखरेचं दूध, साखर वाटीत वेगळी. मी ग्लास पदरानं धरला, वाफ चष्म्यावर आली. आणि तेवढ्यात सरांनी पिशवीत हात घातला.

पिशवीतून एक उंच नळकांडं निघालं आणि दूध मोजायचा लॅक्टोमीटर निघाला. सरांनी दूध नळकांड्यात ओतलं, लॅक्टोमीटर सोडला, तो आत खोल बुडाला. सर वाकून बघत राहिले. शेजारीही वाकले.

"अठरा," सर म्हणाले.

गयाबाईला वाटलं, अठरा म्हणजे चांगलं असेल. तिनं हसून विचारलं, "म्हंजे?"

"चांगल्या दुधाला तीसच्या आसपास पायजे. अठरा म्हंजे पाणी हाय."

मी आयुष्यात बरीच भांडणं बघितली आहेत, बरीच केलीही आहेत. पण त्या बाईनं भांडण केलं नाही. तिनं नळकांडं उचललं, दूध म्हशीच्या घमेल्यात ओतलं, नळकांडं पाण्यानं विसळून सरांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "उठा. ज्या घरानं माझ्या दुधाला नाव ठेवलं त्या घरची पोरगी माझ्या घरात न्हाई." आम्ही औंढ्याला पोचायच्या आत बातमी औंढ्याला पोचली होती. बसस्टँडवरचा चहावाला गिऱ्हाइकाला म्हणत होता, "आता गयाबाईचं बी मोजून घ्यावं लागंल."

घरी आल्यावर सरांनी वहीत आकडा लिहिला. प्रज्ञानं आकडा बघितला. तिनं फक्त एकदा विचारलं, "नक्की अठरा?" सर म्हणाले, "नक्की." ती आत गेली.

मला वाटलं, पोरगी तांडव करेल. केलं असतं तर बरं झालं असतं. ती मला म्हणाली, "खाला, बाबांचं रीडिंग कधीच चुकत नाही. ती बाई पोटच्या पोराच्या लग्नासाठी घर बघायला आलेल्या माणसांना पाणी घातलेलं दूध देत असेल, तर मला कसं ठेवेल?" तिनं मिलिंदचा फोन उचलणं बंद केलं. आणि जेवणही बंदच केल्यासारखं.

मिलिंद माझ्या दारात आला. उन्हातून आलेला, हातात हेल्मेट. म्हणाला, "खाला, माझ्या आईनं पानी घातलं नसंल. तुमी मीटर बघा. मीटर फॉल्टी असंल."

"काच आहे ती. फॉल्टी कशानं होईल?"

"आमच्याकडं रोज तक्रारी येतात, मीटर जास्त पळून राहिलं म्हणून. हे कमी पळून राहिलं असंल."

पोरगं इतकं गरीब तोंड करून उभं होतं की मला माझाच राग आला. शेजारीण असून मी सरांना दोन शब्द सुनावले नव्हते. बरं, मला शास्त्रातलं काय कळतं? पण दूध कळतं. माझं आणि माझ्या दूधवाल्याचं पंधरा वर्षांचं भांडण आहे. म्हटलं, मीटर तपासायचं तर त्याच्याच दुधात तपासू, एका दगडानं दोघांचा निकाल लागेल. प्रज्ञाकडून नळकांडं आणि लॅक्टोमीटर मागून आणला. दूध नेहमीप्रमाणं तापवलं, वर आल्याबरोबर उतरवलं, जरा निवू देऊन ओतलं, लॅक्टोमीटर सोडला. पंधरा. मी तशीच फोनकडं गेले आणि दूधवाल्याला असं काही झापलं की त्याच्या बायकोनं फोन घेऊन विचारलं, कोण मेलं.

प्रज्ञा भिंतीवरून ऐकत होती. ती आत आली, नळकांड्याला हात लावला आणि किती तरी दिवसांनी हसली.

"खाला, गरम दुधात घालतात का कुणी? गरम झालं की दूध पसरतं, पातळ पडतं. मग लॅक्टोमीटर बुडतोच. ते आधी गार करायचं."

तिनं नळकांडं थंड पाण्याच्या बादलीत उभं केलं. थर्मामीटर घातला. आम्ही दोघी भाजी निवडत बसलो. वेळानं तिनं लॅक्टोमीटर सोडला. एकोणतीस. तेच दूध, तेच मीटर. मला दूधवाल्याला परत फोन करून माफी मागावी लागली आणि तो मेला महिनाभर ते गल्लीत सांगत फिरला.

पण मी फोन ठेवला आणि तिथंच उभी राहिले. म्हटलं, "प्रज्ञा, तिथलं दूध गरम होतं गं. वाफा निघत होत्या. मी ग्लास पदरानं धरला होता."

तिचं हसू गेलं. "बाबांनी तापमान घेतलं नाही?"

मी आठवून बघितलं. माझ्या घरी चहाच्या कपात बुडणारा तो थर्मामीटर गयाबाईच्या अंगणात खिशातून बाहेर आलाच नव्हता.

ती सामान उचलून घरी गेली. मी भिंतीशी उभी राहिले. चोरून नाही, उघड; मला त्यात लाज वाटत नाही. सर ओट्यावर बसले होते. प्रज्ञानं वही त्यांच्यापुढं उघडून धरली. अठरा लिहिलेलं होतं आणि शेजारचा तापमानाचा रकाना कोरा होता. या माणसानं एकतीस वर्षं कोऱ्या रकान्यासाठी पोरांच्या वह्या परत फेकल्या होत्या.

"बाबा, तापमान किती होतं?"

सरांनी त्या रकान्यावर हात ठेवला. तिनं पुन्हा विचारलं नाही. "भाजी झाकून ठेवलीय," म्हणाली, आणि कारखान्यात निघून गेली.

मग मी भिंतीवरून बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. एवढ्या पोरीचा जीव कोमेजत चाललाय, एका विधवा बाईचं नाव तुम्ही बाजारात काढलं, रमा असती तर तुम्हाला घरात घेतलं नसतं, असलं सगळं. सरांनी ऐकून घेतलं. मी दमल्यावर म्हणाले, "मॅडम, उद्या सिद्धेश्वरला चलता का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. गयाबाई फाटकातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"काहून आले? आनखी काय काढायचं राहिलं?"

"ताई, सकाळचं दूध गार करून द्या. आन् त्या दिवशी जे लोक बसले होते त्यांना बोलवा," सर म्हणाले.

बाई माझ्याकडं बघायला लागली. मी हात जोडले. का कोण जाणे, तिनं फाटक उघडलं. लोक जमले, त्या दिवसापेक्षा जास्तच. आता तमाशा बघायला कोण येणार नाही? दूध माठाच्या पाण्यात ठेवलेलंच होतं. सरांनी थर्मामीटर काढला, दुधात धरला, वाट बघितली, पुन्हा धरला. कुणी काही बोललं की ते फक्त हात वर करायचे. मग लॅक्टोमीटर सोडला आणि स्वतः बघितलंच नाही. शेजारचा एक म्हातारा, रिटायर पोस्टमन, त्याला म्हणाले, "मामा, तुमी वाचा."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "तीस हाय."

"बराबर वाचा."

"तीसच हाय. काय मला इंग्रजी आकडे येत न्हाईत काय?"

गयाबाई म्हणाली, "मला ठावं होतं. माझ्या म्हशीला ठावं होतं. तुमालाच ठावं नव्हतं. आता म्हना, चूक झाली, आन् जावा."

सर उभे राहिले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी खांदे पाडून उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

"चूक झाली न्हाई ताई. मी केली. गरम दुधात हे घालायचं नसतंय. आठवीच्या पोराला बी माहीत असतंय, मला माहीत होतं. अठरा येणार हे ओततानाच माहीत होतं." ते जमलेल्या लोकांकडं वळले. "ह्या बाईच्या दुधात पाण्याचा थेंब न्हाई. औंढ्यात सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

"मंग केलं काहून?" गयाबाईनं विचारलं. तिचा आवाज आता वेगळा होता.

"आधीच्या घरांत खरंच खोट निघाली. इथं काईच निघंना. पोरगं चांगलं, तुमी चांगल्या, पाणी गोडं. पोरीला पसंत. ती गेली की घरात मी एकटा हाय. तिची आई गेल्यापासून आमी दोघंच हाव. मला भ्या वाटलं."

गयाबाईनं नळकांडं उचललं आणि ती घरात गेली. मला वाटलं, संपलं. मी पिशवी उचलली. सर तसेच उभे. म्हातारा पोस्टमन जमिनीवर काडीनं रेघा मारायला लागला.

बाई बाहेर आली ती ताट घेऊन. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, मोठा पेला भरून दूध. बाजेवर ठेवलं आणि म्हणाली, "बसा. एवढ्या सकाळी निघाले, पोटात काई नसंल." सर बसेनात, तर तिनं दंडाला धरून बसवलं. "मिलिंदचे बाबा गेले तवा मी बी पोराला दोन वर्सं मामाच्या गावाला जाऊ देलं न्हाई. सांगायची, म्हशीला तुझ्याबिगर पान्हा फुटत न्हाई. खोटं सांगायची." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरीला फोन लावा."

मी फोन लावला, स्पीकर चालू केला, सरांपुढं धरला. सरांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. पलीकडून कारखान्याच्या मशिनीचा आवाज येत होता.

"प्रज्ञा," सर म्हणाले, "तीस आलं, बाई. सगळ्यांसमोर सांगितलं मी."

ती हसेल, रडेल, मिलिंदचं विचारेल, काहीतरी बोलेल म्हणून आम्ही सगळे, शेजारपाजारसुद्धा, फोनकडं बघत होतो.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

सरांनी फोन माझ्याकडं सरकवला. मी म्हटलं, "जेवून राहिलेत गं." भाकरीचा तुकडा अजून त्यांच्या हातातच होता, आणि गयाबाई त्यांच्या पाठीशी उभी राहून पदरानं त्यांना वारा घालत होती.